मोटारीचा मागील दिवा : अनियत बिघाडाच्या निदानाचा इतिहास

१

यंत्रातील बिघाडांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील बिघाड स्थिर असतो. दिव्यातील तंतू तुटला की दिवा लागत नाही. आज लागत नाही, उद्याही लागणार नाही. असा दोष शोधणे कष्टाचे असले तरी अवघड नसते, कारण शोधणाऱ्याची तो वाट पाहत थांबलेला असतो. दुसऱ्या वर्गातील बिघाड येतो आणि जातो. मोटार घाटात असताना मागील दिवा विझतो आणि कारखान्याच्या दारात ती उभी केली की तोच दिवा निर्वेधपणे लागतो. मालकाची तक्रार खरी असते, कारागिराचे निरीक्षणही खरे असते. आणि तरीही दोघांची विधाने परस्परविरोधी ठरतात. या दुसऱ्या वर्गाला प्रस्तुत निबंधात 'अनियत बिघाड' असे म्हटले आहे. मोटारीच्या मागील दिव्यासारख्या साध्या वस्तूच्या संदर्भात या बिघाडाच्या निदानाच्या पद्धती सुमारे शंभर वर्षांत कशा बदलत गेल्या, आणि त्या बदलात काय बदलले नाही, याचा येथे विचार करावयाचा आहे.

'निदान' हा शब्द या विवेचनाला विशेष अनुकूल आहे. ऋग्वेदात त्याचा अर्थ दोरी किंवा बंधन असा आहे. पुढे मूळ कारण, आणि आयुर्वेदात रोगाचे कारण व त्याची ओळख असा त्याचा अर्थविस्तार झाला. आयुर्वेदाने रोगपरीक्षेची निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच अंगे मानली आहेत. येऊन-जाऊन राहणाऱ्या व्याधींचाही त्या शास्त्राला चांगला परिचय होता. विषमज्वराचे तृतीयक, चतुर्थक इत्यादी प्रकार वेगळे काढताना ताप किती चढला यापेक्षा तो केव्हा येतो याला वैद्यांनी महत्त्व दिले. अनियत वाटणारी गोष्ट कालक्रमात बसविली की तिचे अर्धे गूढ उकलते, ही दृष्टी त्यामागे आहे. मोटारीच्या कारागिरालाही अखेरीस हेच करावे लागते. तक्रारीतील 'कधी कधी' या क्रियाविशेषणाचे 'जेव्हा–तेव्हा' या जोडवाक्यात रूपांतर करणे, हेच अनियत बिघाडाच्या निदानाचे सार आहे.

२

मागील तांबडा दिवा मोटारीच्याही आधीपासून रेल्वेवर होता. गाडीच्या शेवटच्या डब्यामागील दिवा दोन कामे करी. मागून येणाऱ्याला तो इशारा देई. आणि गाडी संपूर्ण आहे, वाटेत एखादा डबा सुटून राहिलेला नाही, याची खूण सिग्नलच्या माणसास पटवी. दिवा दिसला नाही तर गाडी तुटली असावी असे धरून चालावे लागे. म्हणजे येथे दिव्याचा अभाव हाही एक संदेश होता, आणि तो वाचणारा माणूस नेमलेला होता.

मोटारीने हा दिवा घेतला, पण तो वाचणारा माणूस तिला मिळाला नाही. चालकाला स्वतःचा मागील दिवा दिसत नाही. तो विझल्याचे ज्याला समजते तो मागून येणारा अनोळखी असतो, आणि बहुधा त्याला ते फार उशिरा समजते. मागील दिव्याच्या निदानाचा सारा इतिहास या एका परिस्थितीने घडविला आहे. दोष एका ठिकाणी, त्याचा साक्षीदार दुसऱ्या ठिकाणी, आणि दुरुस्त करणारा तिसऱ्या ठिकाणी.

आरंभीच्या मोटारींचे मागील दिवे तेलाचे असत. वारा, खाचखळगे, काजळलेली वात ही त्यांच्या विझण्याची कारणे उघड होती. उतरून पाहणे आणि काडी ओढणे हेच निदान व हाच उपचार. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेली विजेवर चालणारी सुरुवातीची यंत्रणा व विजेचे दिवे एकत्र आले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेलाचा दिवा मागे पडला. कायदाही पाठोपाठ आला. ब्रिटनमध्ये १९२७ च्या रस्तेवाहतूक प्रकाश कायद्याने मागील तांबडा दिवा आवश्यक ठरविला. भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. १९८८ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याखालील १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार मागील तांबडा दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन हे अंतर सुमारे सात सेकंदांत तोडते. अनियत बिघाडाचे गांभीर्य या सात सेकंदांत आहे. दिवा दिवसातून एकदाच, अर्धा मिनिट विझला तरी ते अर्धे मिनिट कोणते असेल हे कोणी सांगू शकत नाही.

३

विजेच्या दिव्याबरोबर बिघाडाचे स्वरूप पालटले. मोटारीत प्रत्येक दिव्याला जाणारी एकच तार असते; परतीचा मार्ग म्हणून मोटारीचा लोखंडी सांगाडाच वापरला जातो. कारखान्यांतून या परतीच्या मार्गाला सर्रास 'अर्थ' म्हणतात. इंग्रजीतील पृथ्वीवाचक शब्द आणि मराठीतील आशयवाचक शब्द यांचा उच्चार येथे एक झाला आहे, आणि 'दिव्याला अर्थ मिळत नाही' हे वाक्य प्रथमच ऐकणारा क्षणभर थबकतो. परंतु दुरुस्तीच्या व्यवहारात त्या वाक्याइतके वारंवार खरे ठरणारे दुसरे वाक्य नाही. जेथे तार सांगाड्याला स्क्रूने जोडलेली असते तेथे रंग, गंज आणि पावसाचे पाणी यांचा संचय होतो. स्क्रू दिसायला घट्ट असतो, पण धातूचा धातूशी संबंध सुटत चाललेला असतो.

या दोषाची लक्षणे मोठी चमत्कारिक असतात. मागील दिवा आणि ब्रेकचा दिवा यांसाठी पुष्कळ मोटारींत एकाच बल्बात दोन तंतू असतात. एक २१ वॅटचा, दुसरा ५ वॅटचा, आणि दोघांचा अर्थ एकच. हा अर्थ सुटला तर ब्रेक दाबल्यावर निघालेला प्रवाह परतीचा सरळ मार्ग न मिळाल्याने दुसऱ्या तंतूतून उलटा शिरतो, आणि त्या तंतूच्या तारेवर असलेल्या इतर दिव्यांतून वाट काढतो. परिणामी ब्रेक दाबला की क्रमांकपट्टीचा दिवा मंद उजळतो, किंवा इंडिकेटरच्या तालावर मागील दिवा लुकलुकू लागतो. नवशिका कारागीर तीन दिव्यांत तीन दोष शोधतो. अनुभवी कारागीर तिघांना समान असलेली एक जागा शोधतो. लक्षणे अनेक, पण संप्राप्ती एक, हे या प्रकरणाचे तात्पर्य.

या काळातील निदानाचे प्रमुख साधन म्हणजे परीक्षादीप. एका टोकास चिमटा, दुसऱ्या टोकास अणकुचीदार सळई आणि मध्ये लहान बल्ब. बॅटरीपासून दिव्यापर्यंत टप्प्याटप्प्याने सळई टेकवीत जावयाचे. प्रकाश जेथे नाहीसा होतो त्याच्या आणि मागच्या टप्प्याच्या दरम्यान दोष. स्थिर बिघाडासाठी ही पद्धत पुरेशी होती. अनियत बिघाडापुढे ती हतबल ठरे, कारण परीक्षा चालू असताना दोष रजेवर गेलेला असे.

चालकाला स्वतःच्या मागील दिव्याची वार्ता प्रथम मिळाली ती अनपेक्षित दिशेने. १९३९ च्या ब्यूक मोटारीत लुकलुकणारा दिशादर्शक आला आणि पुढे ती पद्धत सार्वत्रिक झाली. त्यातील लुकलुक घडविणारी पट्टी दिव्यांच्या प्रवाहाने तापून वाकत असे. एखादा दिवा गेला की प्रवाह घटे आणि लुकलुकण्याचा वेग बदले किंवा ते थांबे. कोणी योजून केलेली ही सूचना नव्हती. यंत्राच्या स्वभावातूनच ती निघाली होती. तथापि यंत्राने आपल्या पाठीमागच्या दोषाची बातमी पुढे बसलेल्या माणसाला सांगण्याचा तो आरंभ होय.

४

दोष येतो-जातो तो का, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मोटारीच्या कारखान्यात मिळाले नाही. ते विद्युतस्पर्शाच्या अभ्यासातून आले. राग्नार होल्म यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात या विषयाची मांडणी केली. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी ते एकमेकांना अगदी मोजक्या, सूक्ष्म बिंदूंवरच खऱ्या अर्थाने टेकतात. सारा प्रवाह त्या बिंदूंतून जातो. बेल प्रयोगशाळेतील मॉर्टन अँटलर यांनी पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांत दाखविले की जोडातील दोन भाग कंपनाने वा तापमानातील फरकाने केवळ काही मायक्रोमीटर पुढेमागे सरकत राहिले तरी त्या घर्षणाने पृष्ठभागाचे सूक्ष्म कण सुटतात, हवेशी संयोग पावतात आणि प्रवाह अडविणारा थर साचतो. कथिलाचा मुलामा दिलेल्या जोडांत हा विकार विशेष आढळतो. जोड जरा हलला की कण बाजूला सरतात आणि दिवा लागतो. पुन्हा हलला की कण मध्ये येतात आणि दिवा जातो. मागील दिव्याला चापट मारली की तो लागतो, हा जगभरच्या चालकांचा अनुभव या सिद्धांतात अचूक बसतो. अर्थात चापट हा उपचार नव्हे. तिने कणांची जागा बदलते, थर जात नाही.

अशा थराचा परिणाम केवळ दिवा विझण्यात होतो असे नाही. १२ व्होल्टवर २१ वॅटच्या तंतूचा तप्त अवस्थेतील रोध सुमारे ७ ओहम असतो. वाटेत एका ओहमचा अडथळा आला तर सुमारे दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. तंतूचा प्रकाश मात्र दाबाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी वेगाने घटत असल्याने दिव्याचे सुमारे एकतृतीयांश तेज नाहीसे होते. दिवा 'लागतो', पण १५५ मीटरवरून दिसेलच असे नाही. जुन्या ६ व्होल्टच्या मोटारींत तेवढ्याच वॅटच्या दिव्याला दुप्पट प्रवाह लागे, म्हणून तेथे हाच अडथळा अधिक घातक ठरे.

यावरून परीक्षापद्धतीत महत्त्वाची सुधारणा झाली. मोटार उभी, दिवा बंद, तारा स्तब्ध अशा अवस्थेत रोधमापक लावला तर जोड निर्दोष भासतो; अर्ध्या ओहमचा दोष मापकाच्या स्वतःच्या तारांच्या रोधात हरवून जातो. म्हणून दिवा लावून, प्रवाह वाहत असताना, प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक मोजावयाचा. निरोगी जोडावर तो व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे जाऊ नये. ही मोजणी चालू असतानाच तारांचा जुडगा हलकेच हलवावयाचा, होल्डरवर बोटाने टकटक करावयाची, डिकीचे झाकण उघडून मिटावयाचे, कारण झाकणाच्या बिजागरीपाशी वाकून-वाकून तारेचे धागे आवरणाच्या आत तुटलेले असतात आणि बाहेरून तार अखंड दिसते. पाणी शिंपडणे, ऊब देणे हेही याच परीक्षेचे प्रकार. हे आयुर्वेदातील उपशय आणि अनुपशयच होत: रोग लपलेला असेल तर कशाने वाढतो व कशाने शमतो ते पाहून त्यास ओळखावे. दोषाची वाट पाहण्याऐवजी दोषास बोलाविणे, ही या पद्धतीची खरी प्रगती आहे.

५

मागील दिव्याचे महत्त्व किती, याचा अंदाज १९७० च्या दशकात आकड्यांनी येऊ लागला. सॅन फ्रान्सिस्को येथील टॅक्सींवर जॉन वोएव्होड्स्की यांनी मागील बाजूस मध्यभागी जादा दिवा बसवून प्रयोग केला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. १९८६ च्या मोटारींपासून अमेरिकेत उंचावरचा तिसरा ब्रेकदिवा सक्तीचा झाला. तो सर्वत्र दिसू लागल्यावर त्याचे नावीन्य ओसरले आणि दीर्घकालीन लाभ ४.३ टक्क्यांवर स्थिरावला, असे १९९८ च्या सरकारी मूल्यमापनात आढळले. वाहनांची संख्या लक्षात घेता एवढा लाभही थोडा नव्हे.

दुसरा बदल दिव्याच्या जातीत झाला. तांबडा प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ साली सिद्ध केला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे एल.ई.डी. दिवे मोटारींच्या मागील बाजूस आले. तंतू तापण्यास लागणारा सुमारे एकपंचमांश सेकंदाचा अवधी त्यांना लागत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाला एवढ्या अवधीत वाहन साडेपाच मीटर पुढे जाते. तंतूच न राहिल्याने तुटण्याचा प्रश्न मिटला. परंतु जोड राहिले, अर्थ राहिला, आणि त्यांत दिव्याला प्रवाह पुरविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मंडलाची भर पडली.

६

याच सुमारास मोटारीच्या अंतर्गत व्यवस्थेत मूलगामी बदल घडत होता. बॉश कंपनीने १९८३ पासून विकसित केलेली 'कॅन' ही संदेशवाहिनी १९८६ साली डेट्रॉइट येथे जाहीर झाली आणि १९९१ च्या मर्सिडीझ मोटारीत ती वापरात आली. पूर्वी ब्रेकच्या पायटीपासून दिव्यापर्यंत तार जात असे. आता पायटीजवळचा संवेदक एका संगणकास कळवितो आणि तो संगणक दिवा लावतो. दिव्याची बटणेही प्रवाह पाठवीत नाहीत, विनंती पाठवितात. काही मोटारींत तर एकाच तंतूला सेकंदास शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करून त्याच्याकडून मंद व तेजस्वी अशी दोन्ही कामे करून घेतात. साध्या मापकाने तेथे घेतलेले माप अर्थहीन ठरते.

हा संगणक दिव्याची प्रकृतीही तपासतो. वाहणारा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी आढळला की तो चालकासमोर इशारा दाखवितो आणि स्मृतीत एक सांकेतिक नोंद करतो. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झालेल्या दुसऱ्या पिढीच्या स्वयंनिदान पद्धतीने या नोंदींना समान रूप दिले. पहिले अक्षर विभाग सांगते: यंत्रशक्ती, चासी, बॉडी किंवा संदेशजाल, पुढील चार चिन्हे दोषाचा प्रकार सांगतात. दिव्यांच्या नोंदी बहुधा बॉडीच्या विभागात पडतात. चालू दोष आणि पूर्वी येऊन गेलेला दोष यांची नोंद अनेक मोटारींत वेगवेगळी असते. अनियत बिघाडाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. जो दोष कारागिरासमोर येण्यास नकार देत असे, त्याची दैनंदिनी आता हाती आली.

तथापि या नोंदीचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. 'डाव्या मागील दिव्याचे मंडल खंडित' असे ती म्हणते. कोठे खंडित, ते ती म्हणत नाही. बल्ब, होल्डर, अर्थ, बिजागरीपाशी तुटलेली तार, संगणकाचा जोड, या पाचांपैकी काहीही त्या एका वाक्यात मावते. शिवाय निरीक्षकाचे पूर्वग्रह नोंदीत उतरतात. तंतूच्या दिव्यासाठी रचलेल्या मोटारीत मालकाने एल.ई.डी. बसविला, तर तो निरोगी असूनही कमी प्रवाह घेतो म्हणून संगणक त्यास मृत ठरवितो. दिवा बंद असताना संगणक जे क्षणिक परीक्षास्पंद सोडतो त्यांनी तंतू उजळत नाही, पण एल.ई.डी. लुकलुकतो. येथे बिघाड दिव्यात नाही, दोन पिढ्यांच्या अपेक्षांतील विसंवादात आहे.

७

या नव्या अवस्थेची दोन प्रकरणे नोंदण्याजोगी आहेत. जनरल मोटर्स कंपनीने २००९ च्या आरंभी पॉन्टियॅक जी-६ जातीच्या सुमारे ८,००० मोटारी ब्रेकदिव्यांच्या दोषासाठी परत बोलाविल्या. ब्रेक दाबूनही दिवे लागत नसत, आणि कधी न दाबताच लागत. २०१४ च्या मे महिन्यात त्याच दोषासाठी शेव्रोले मॅलिबू, पॉन्टियॅक जी-६, सॅटर्न ऑरा इत्यादी २००४ ते २०१२ या वर्षांच्या सुमारे २४ लाख मोटारी बोलवाव्या लागल्या. तोवर शेकडो तक्रारी, १३ अपघात आणि दोन जखमी अशी नोंद झाली होती. दोष दिव्यांत नव्हता. पायटीच्या संवेदकाचा संकेत ज्या जोडातून बॉडीच्या संगणकात शिरतो त्या जोडात, अँटलर यांनी वर्णिलेल्या घर्षणजन्य गंजाने रोध वाढत होता. तोच संकेत वेगनियंत्रण व घसरणरोधक यंत्रणाही वापरत असल्याने त्याही बाधित होत. उपचार साधा होता: जोडास विशिष्ट वंगण लावणे आणि तो हलणार नाही असा बसविणे. दोषाची व्याप्ती ८,००० वरून २४ लाखांवर जाण्यास पाच वर्षे लागली, ही गोष्ट अनियत बिघाडाच्या स्वभावावर पुरेसा प्रकाश टाकते. मागे दिसणाऱ्या लक्षणाचे मूळ पुढे होते, आणि ते मूळ सतत दिसणारे नव्हते.

दुसरे प्रकरण २०२२ च्या नोव्हेंबरमधील. टेस्ला कंपनीने अमेरिकेतील मॉडेल ३ व मॉडेल वाय जातीच्या ३,२१,६२८ मोटारींसाठी दुरुस्ती जाहीर केली. क्वचित प्रसंगी त्यांचे मागील दिवे अधूनमधून लागत नसत. ब्रेकचे दिवे व इंडिकेटर मात्र ठीक चालत. जोड स्वच्छ, तार अखंड, दिवा निर्दोष. मोटार सुप्तावस्थेतून जागी होत असताना दिव्यांवर देखरेख करणाऱ्या आज्ञावलीला नसलेला दोष भासे आणि त्यामुळे दिवा बंद राही. दुरुस्ती बिनतारी मार्गाने नवी आज्ञावली पाठवून झाली. पाना कोणी हाती घेतला नाही. दोष ओळखण्यासाठी नेमलेली यंत्रणाच दोषाचे कारण झाली. रोग नव्हता, रोगाचा भ्रम होता, आणि त्या भ्रमाचा परिणाम रोगाइतकाच अंधकारमय होता.

८

या इतिहासातून जे निष्पन्न होते ते असे. तेलाच्या दिव्याच्या काळी निदान डोळ्याने होत असे. नंतर परीक्षादीपाने, नंतर दाबमापनाने. आता यंत्र स्वतःच आपली हकीकत सांगते. प्रत्येक टप्प्याला साक्षीदार बदलला. परंतु साक्षीची चिकित्सा करण्याची गरज कोणत्याही टप्प्याला संपली नाही. उलट साक्षीदार जितका अधिकारवाणीने बोलू लागला तितकी ती वाढली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. बखर मिळाली म्हणून घटना सिद्ध होत नाही. ती कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने आणि काय पाहता येण्याजोग्या जागी बसून लिहिली, हे पाहावे लागते. संगणकातील नोंद ही अशीच एक बखर आहे. ती 'केव्हा' बहुधा खरे सांगते, 'काय' अंशतः सांगते, आणि 'का' हे तिला ठाऊक नसते.

म्हणून आजच्या मोटारीतही निदानाचा क्रम जुनाच राहतो. प्रथम मालकाची हकीकत पूर्ण ऐकावी: पाऊस होता काय, डिकी भरलेली होती काय, मोटार नुकतीच सुरू झाली होती काय, एक दिवा गेला की दोन्ही. नंतर यंत्राची नोंद वाचावी आणि ती पुसण्यापूर्वी उतरून घ्यावी. मग लक्षणांना समान असलेली जागा ठरवावी, दिवे लावलेले असताना अर्थ व जोड मोजावेत, आणि दोषास बोलावून पाहावे. सर्व जोड निर्दोष ठरले तरच साक्षीदारावर संशय घ्यावा. या क्रमाला फाटा देऊन नोंदीत नाव आलेला भाग बदलणे हा आजच्या दुरुस्तीतील सर्वांत महाग प्रमाद आहे. नवा भाग बसविताना जोड हलतो, कण सरकतात, दिवा लागतो. आणि काही आठवड्यांनी, पहिल्या पावसात किंवा घाटाच्या उतारावर, पुन्हा जातो.

चालकाला आपला मागील दिवा आजही दिसत नाही. तो लागला आहे असे त्याला पुढच्या फलकावर सांगितले जाते, आणि तो विश्वास ठेवतो. मागून येणाऱ्याचा मात्र त्या फलकाशी काही संबंध नसतो. त्याच्यासमोर तांबडा बिंदू असतो किंवा अंधार असतो.